फुसका बार

इंदूरच्या जुन्या वाड्यांच्या, होळकरशाहीच्या, सराफ्यातल्या रात्रींच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात आणि मी त्या आवडीनं वाचतो. मी आज लिहितोय ती आठवण आमच्या घरात कधी मोठ्यानं सांगितली गेली नाही. ती एका बंदुकीची आहे. आवाज कमी व्हावा म्हणून घरी भरलेल्या काडतुसांची आहे. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या थोरल्या काकांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती आणि अंगठ्याचं टोकही नव्हतं. आम्हा मुलांना सांगितलं गेलं होतं की, ‘‘दिवाळीत फटाक्यानं गेली.’’ त्यामुळे आमच्या वाड्यात सुतळी बॉम्ब कधी आला नाही. काका डावा हात कोटाच्या खिशात ठेवायचे. लग्नकार्यात फोटो काढायची वेळ आली की हमखास मागच्या रांगेत उभे राहायचे.

माझे वडील त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. बाबा एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. कुठलंही वजन, कुठलाही आकडा ते तीनदा तपासायचे. घरात वाण्याकडून साखर आली तरी पुन्हा तोलायची. आई चिडायची, ‘‘अहो, दोन पैशांची साखर कमी आली तर काय जीव जाणार आहे कुणाचा?’’ बाबा काही बोलायचे नाहीत. पण तोलायचे.

१९८९ साली बाबा गेले. तेराव्याच्या दिवशी संध्याकाळी आत्यानं मला माडीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. फटाका वगैरे काही नव्हतं.

काका तेव्हा खरगोनच्या पुढे एका जहागीरदाराकडे कारभारी होते. होळकर संस्थानाचाच मुलूख तो. एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला सातपुडा. ज्वारी आणि भुईमूग तयार झाला की रात्री रानडुकरांचे कळप उतरायचे. जहागीरदारांकडे एक विंचेस्टर कार्बाईन होती, ती त्यांनी राखणीसाठी काकांच्या हाती दिली होती.

या बंदुकीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीनं १८७३ साली एक बंदूक बाजारात आणली आणि तिच्यासाठी नवं काडतूस काढलं. त्याला चव्वेचाळीस-चाळीस म्हणतात. चव्वेचाळीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभराव्या हिश्शांत, आणि चाळीस म्हणजे काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. काही वर्षांनी कोल्ट कंपनीनं आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवलं. म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर, खांद्याला कार्बाईन आणि पट्ट्यात एकच काडतूस, दोन्हीला चालणारं. पिस्तुलाचं काडतूस वापरणारी आखूड नळीची बंदूक ही कल्पना तिथून लोकप्रिय झाली. घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार?

आता ग्रेन म्हणजे काय, हे बँकेत सोनेतारण केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनांना बांधला होता. १५ ग्रेनांचा मासा, १२ माशांचा तोळा. त्या विंचेस्टरची गोळी साधारण २०० ग्रेनांची, म्हणजे एक तोळा आणि वर सव्वा-दीड मासा शिसं. आणि मूळ दारू ४० ग्रेन, म्हणजे पावणेतीन माशांच्या जरा आत. सोन्याचा एखादा लहान दागिना तोलावा, तेवढाच कारभार. म्हणून तर काकांनी इंदूरला येऊन सराफ्यातून सोनाराचा एक छोटा काटा आणि गुंजा नेल्या.

काटा कशाला? तर साल होतं १९४३. महायुद्ध चाललेलं. अमेरिकेतून शिकारीची काडतुसं येणं बंद. होती ती संपत आलेली. पण पितळी पुंगळी उडवल्यावर वाया जात नाही. मागची खर्ची पडलेली टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, पुढे शिशाची गोळी दाबून बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. अमेरिकेत हे घरोघरी चालायचं. विंचेस्टर कंपनी स्वतः त्याची हत्यारं विकायची, आणि जॉन बार्लो नावाच्या गृहस्थानं १८८४च्या सुमाराला पकडीसारखं एक हत्यार काढलं, त्यातच टोपी ठोकणं, गोळी बसवणं सगळं व्हायचं. गाव दूर, दुकान त्याहून दूर, पैसा थोडा. असे लोक दुसरं काय करणार? जहागीरदारांच्या पेटीतही असंच एक जुनं हत्यार होतं.

काळी दारू मात्र चांगली मिळेना. मग काकांनी बारा बोअरची काडतुसं फोडून त्यातली बिनधुराची दारू काढायला सुरुवात केली. आणि इथेच त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. पहिला बार झाला की कळप उधळायचा, दुसरं डुक्कर मिळायचं नाही. शिवाय मध्यरात्री गाव जागं व्हायचं. काकांनी विचार केला की दारू कमी भरली तर आवाज कमी होईल. डुक्कर तीस-चाळीस पावलांवर असतं, एवढ्या जोराची गरजच काय?

मोजायला धाकटा भाऊ होता. बाबा चौदा वर्षांचे, सुटीत काकांकडे गेलेले. त्यांचा हात हलका आणि नजर तीक्ष्ण. काका सांगायचे, ‘‘आज आणखी एक गुंज कमी घे रे,’’ आणि बाबा कंदिलाच्या उजेडात काट्यावर दारू तोलून पुंगळीत ओतायचे. पहिल्या दोन-तीन रात्री छान गेल्या. आवाज खरंच कमी झाला होता.

त्या रात्री काकांनी चाप ओढला आणि नुसतं ‘फुस्स’ झालं. बाबा शेजारी माचाणावर होते. काका हसून म्हणाले, ‘‘वा! आज तर आवाजच नाही.’’ डुक्कर पडलं नव्हतं. नेम चुकला असं समजून काकांनी दांडी पुढे ढकलून मागे घेतली, रिकामी पुंगळी बाहेर पडली, नवं काडतूस आत गेलं. दुसरा चाप ओढला तेव्हा नळी फाटली. डावा हात नळीखालीच होता.

आत्या म्हणाली, ‘‘तुझ्या बाबाला जन्मभर वाटत आलं की आपणच मोजायला चुकलो. दादा त्याला एका शब्दानंही कधी बोलला नाही. पण हा मनात धरून बसला.’’

मंडळी, साखर तोलण्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. बाबा जाऊन तेरा दिवस झाले होते.

खरं उत्तर मिळालं ते चार वर्षांनी, आणि तेही बँकेच्या काउंटरवर. मी तेव्हा महूला होतो. आता त्या गावाला डॉ. आंबेडकर नगर म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून महूच. इन्फंट्री स्कूलमुळे तिथे फौजेचे पेन्शनर भरपूर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांग लागायची. त्यात एक निवृत्त सुभेदार यायचे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. फौजेत सगळी नोकरी त्यांनी बंदुका दुरुस्त करण्यात काढलेली, आर्मोरर म्हणून. मराठी बोलायला मिळतंय म्हणून काम झाल्यावरही माझ्या टेबलाशी बसायचे.

एकदा बँकेच्या गार्डच्या बारा बोअर काडतुसांची वार्षिक मोजणी चालू होती. नगानं मोजून रजिस्टरला सही करायची, हे अधिकाऱ्याचं काम. सुभेदारसाहेब बघत होते. त्यावरून विषय निघाला आणि मी काकांची गोष्ट सांगितली. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘‘साहेब, पहिल्या बारानंतर नळीत बघितलं होतं का कुणी?’’

अर्थात नव्हतं.

‘‘मग पहिली गोळी नळीतच अडकलेली होती. आमच्याकडे रंगरूटाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आवाज वेगळा आला की थांब. फुसका बार हा मोठ्या बारापेक्षा वाईट.’’

मी विचारलं, म्हणजे दारू कमी मोजली गेली होती? बाबांची चूक? सुभेदारांनी मान हलवली. ते जे बोलले ते मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे, त्यामुळे जवळपास त्यांच्याच शब्दांत देतो.

‘‘चूक मापाची नाही, पद्धतीची. ती पुंगळी काळ्या दारूसाठी बनलेली. काळी दारू पुंगळी गच्च भरून टाकते. बिनधुराची दारू जोरदार, ती थोडीशीच लागते, आणि ती पण तुम्ही आणखी कमी केली. मग त्या मोठ्या पुंगळीत ती इकडून तिकडे लोळते. कधी टोपीजवळ असते, कधी गोळीजवळ. बंदूक खाली झुकवली की पुढे सरकते. एकाच मापाची दहा काडतुसं दहा प्रकारे पेटतील. तुमच्या वडलांनी देवाचा काटा आणला असता तरी एक ना एक दिवस हे व्हायचंच. आणि ती दारू कुठली, किती जुनी, हे तरी कुणाला माहीत होतं?’’

मी घरी येऊन बाबांचा तो काटा कपाटातून काढला आणि बराच वेळ घेऊन बसलो. हे ऐकायला ते चार वर्षं आधी जगायला हवे होते, एवढंच वाटत राहिलं.

पण माझ्या मनात एक प्रश्न राहिलाच. काकांची इच्छा वेडेपणाची होती का? बिनआवाजी बंदूक होऊच शकत नाही का? निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी याचं वाचत गेलो. काका ज्या वर्षी माचाणावर बसले होते, त्याच सुमारास हजारो मैलांवर लंडनमध्ये एक गृहस्थ अगदी हाच विचार करत होते, हे वाचून मी चकित झालो.

आधी आवाजाचं सांगतो. बंदुकीचे आवाज मुख्यतः दोन. एक नळीच्या तोंडाशी होतो. कोंडलेला वायू एकदम सुटतो त्याचा हा धमाका. दुसरा गोळीचा स्वतःचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. गोळी त्याहून वेगात निघाली तर ती हवेत एक धक्क्याची लाट ओढत नेते, आणि चाबकाचा फटकारा मारावा तसा कडाका होतो. हा कडाका गोळी जिथून जाते तिथे सगळीकडे ऐकू येतो. ही लाट डोळ्यांना दिसत नाही, पण तिचं छायाचित्र १८८६मध्येच घेतलं गेलं. प्रागचे अर्न्स्ट माख आणि फ्युमे बंदरातल्या नौदल अकादमीतले पेटर झाल्खर या दोघांचं ते काम. विमानाचा वेग ज्या ‘माख’मध्ये मोजतात ते हेच माख.

पहिल्या आवाजावर इलाज निघाला १९०९च्या सुमाराला. मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी नळीच्या तोंडाला लावायचा सायलेन्सर काढला. आत पडदे असलेली एक नळकांडी. वायू त्यात फिरत फिरत थंड होऊन हळू बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरचंही तत्त्व तेच. पुढे १९३४मध्ये अमेरिकन सरकारनं सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाला न परवडणारी होती.

पण सायलेन्सर फक्त धमाका गिळतो. गोळीचा कडाका त्याच्या हाताबाहेरचा. त्याला एकच उपाय, गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जायला हवी. आणि हळू जाऊनही ती परिणामकारक राहायची तर जड हवी. हळू आणि जड, दोन्ही. काकांनी यातलं अर्धंच धरलं होतं.

लंडनमधले गृहस्थ म्हणजे विल्यम गॉडफ्री डी लाइल. हवाई खात्यात इंजिनिअर. आधी त्यांनी पॉइंट टू टूच्या छोट्या बंदुकीवर प्रयोग केले. असं सांगतात की एका उंच इमारतीच्या गच्चीवरून त्यांनी भर लंडनमध्ये टेम्स नदीत गोळ्या झाडून पाहिल्या आणि खालून जाणाऱ्या कुणीही मान वर करून पाहिलं नाही. मग कमांडो तुकड्यांसाठी मोठी बंदूक करायची ठरली. डी लाइल यांनी काय केलं बघा. ब्रिटिश फौजेची नेहमीची ली-एनफील्ड घेतली, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसली ती थ्री-नॉट-थ्री. तिची नळी काढून टाकली. जागी थॉम्सन सबमशीनगनची आखूड नळी बसवली. खाली कोल्ट पिस्तुलाचं मॅगझिन लावलं. आणि नळीभोवती, पुढपर्यंत, एक जाडजूड लांब सायलेन्सर.

काडतूस निवडलं पिस्तुलाचं, पॉइंट फोर फाइव्ह. यातच सगळी मेख आहे. हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं, अमेरिकन फौजेनं १९११मध्ये त्याच्या पिस्तुलासह स्वीकारलं. फिलिपिन्समधल्या लढायांत हलक्या पिस्तुलांनी माणूस थांबत नाही अशी तक्रार होती, म्हणून जड गोळी घेतली. २३० ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी जास्त, आणि वेग सेकंदाला जेमतेम अडीचशे मीटर. आवाजाच्या वेगाच्या कितीतरी खाली. म्हणजे ही गोळी जन्मतःच हळू आणि जड. शांततेचा विचार ती बनवताना कुणी केला नव्हता. पण डी लाइल यांना दारू कमी करावीच लागली नाही. कारखान्यातून आलेलं, पुरं भरलेलं, भरवशाचं काडतूस जसंच्या तसं चाललं. पुंगळीही आखूड, दारूला लोळायला जागा कमी.

आणखी एक हुशारी. ही बंदूक दर बाराला हातानं खटका ओढून भरायची. आपोआप मागेपुढे होणारा काही भाग नाही, त्यामुळे त्याचा खडखडाट नाही. बार झाला की दुसरी गोळी कधी भरायची हे माणसानं ठरवायचं. खटका ओढण्याचा आवाज बारापेक्षा जास्त यायचा असं तिचं वर्णन करतात.

सगळ्या मिळून दीडशेच्या आतच बनल्या. पहिल्या थोड्या डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात, पुढच्या त्याच गावच्या स्टर्लिंग कंपनीत. ब्रह्मदेशात आणि पुढे मलायातही त्या गेल्या. आज उरलेल्या थोड्याशा संग्रहालयांत आहेत.

स्टर्लिंग हे नाव वाचून फौजेतल्या मंडळींचे कान टवकारले असतील. हो, तीच. या कंपनीची ९ मिलिमीटरची कार्बाईन पुढे आपल्या कानपूरच्या शस्त्र कारखान्यात बनू लागली. बँका, विमानतळ, मंत्र्यांचे बंगले, सगळीकडे आपण ती गार्डच्या गळ्यात पाहिली आहे. सुभेदारसाहेबांनी अशा शेकडो उघडून जोडल्या होत्या.

पण ९ मिलिमीटरची नेहमीची गोळी हलकी आणि वेगवान, आवाजाच्या पुढे पळणारी. तिला गप्प कसं करायचं? स्टर्लिंगनं वेगळी वाट काढली. काडतुसाला हातच लावला नाही. नळीलाच ७२ बारीक भोकं पाडली. गोळी नळीतून जाताना मागचा वायू त्या भोकांतून सायलेन्सरमध्ये निघून जातो, जोर कमी होतो आणि गोळी आवाजाच्या वेगाखाली बाहेर पडते. म्हणजे शिपायाला नेहमीचंच काडतूस पुरतं. आपल्या कानपूरलाही हा सायलेन्सरवाला प्रकार बनला.

तर दोन सरळ वाटा होत्या. एक, मुळात हळू आणि जड असलेलं काडतूस घ्या. दोन, काडतूस पूर्ण भरलेलं ठेवा आणि जोर नळीत उतरवा. दोन्ही वाटांवर गोळी नळीतून बाहेर पडेल याची खात्री आधी केलेली आहे. काकांची वाट तिसरी होती, अंदाजानं दारू कमी करत जायची.

ही तिसरी वाट नीट चालणारे लोकही आहेत, आणि ते मी स्वतः पाहिले. २०१३ साली आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे, माझ्याच वयाचे. त्यांच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं बाकडं होतं. तिथे हा कायदेशीर छंद आहे. त्यांच्याकडे ९ मिलिमीटरची एक कार्बाईन होती आणि तिच्यासाठी हळू जाणारी काडतुसं ते स्वतः भरत. कान जपायचे आणि शेजाऱ्यांना त्रास नको, एवढाच हेतू. मी बँकेतला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी आधी बंदूक दाखवली नाही, वही दाखवली.

मंडळी, ती वही पाहून मला बाबा आठवले. तारीख, पुंगळी कितव्यांदा वापरतोय, टोपी कुठल्या बनावटीची, दारू कुठली आणि तिचा बॅच नंबर, गोळीचं वजन, काडतुसाची पूर्ण लांबी, त्या दिवशीचं तापमान, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्यक्ष मोजलेला वेग. वेग मोजायचं एक यंत्र असतं, त्याच्या समोरून गोळी गेली की आकडा येतो. ते म्हणाले की या यंत्राशिवाय हे काम करणारा माणूस डोळे मिटून गाडी चालवतो.

त्यांच्याकडून समजलेल्या तीन-चार गोष्टी सांगतो. पहिली, ते हलकी गोळी घेऊन दारू घटवत नाहीत. नेहमीच्या ११५ ग्रेनांऐवजी १४७ ग्रेनांची जड गोळी घेतात, म्हणजे वेग आपोआप खाली येतो आणि दारू पुरेशी राहते. दुसरी, दारू बनवणाऱ्यांनी छापलेल्या पुस्तकात कमाल माप असतं तसं किमान मापही असतं, आणि किमानाच्या खाली ते कधीच जात नाहीत. तिसरी गोष्ट मला नवी होती. पिस्तुलात जे काडतूस हळू असतं ते कार्बाईनमध्ये हळू राहीलच असं नाही. कार्बाईनची नळी लांब, वायूला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, वेग वाढतो. शिवाय थंडीत आवाजाचाच वेग कमी होतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर. म्हणजे उन्हाळ्यात गप्प असलेलं काडतूस जानेवारीत कडाडू शकतं. पिस्तुलासाठी छापलेला आकडा बघून कार्बाईनचं काडतूस भरणारा फसतो. आणि वेग फारच खाली नेला तर ही आपोआप भरणारी बंदूक नीट भरतच नाही, अडकते.

चौथी गोष्ट त्यांनी बाकड्यावरची. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या, सगळ्यांत दारू घातलेली. विजेरी घेऊन ते एकेकीत डोकावून पाहत होते, सगळ्यांत पातळी सारखी आहे ना. एकीत दोनदा पडली तर बंदूक फुटते आणि एकीत अजिबात पडली नाही तर टोपीच्या जोरानं गोळी नळीत जाऊन अडकते. ही तपासणी होईपर्यंत ते बोलत नव्हते, फोन घेत नव्हते. मी विचारलं, रेंजवर चालवताना आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर? ते म्हणाले, ‘‘थांबायचं. बंदूक रिकामी करायची. नळीतून सळई घालून बघायची. मगच पुढे.’’

सातारच्या सुभेदारानं महूत सांगितलं तेच. सायलेन्सर लावलेल्या बंदुकीत तर हे आणखी कठीण, कारण तिथे मुळात आवाजच बारीक. शांत बार आणि फुसका बार यातला फरक कानाला पटकन कळत नाही. काका ज्याला ‘‘वा!’’ म्हणाले तो फुसका होता.

आपल्याकडे हा छंद नाही आणि नसलेलाच बरा, असं माझं मत. १९५९चा शस्त्र कायदा १९६२मध्ये लागू झाला. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. १९७२मध्ये वन्यजीव कायदा आला आणि शिकारही गेली. निमाडच्या त्या जहागीरदारांची विंचेस्टर त्याच्या आधीच सरकारजमा झाली, फाटलेल्या नळीसह. हे लिहिण्याचा हेतू कुणी करून बघावं हा नाही. कुणी अर्धवट माहितीवर काही करायला जाऊ नये, हाच आहे.

आणि दुसरा हेतू घरातला आहे. काका १९८१मध्ये गेले. दोघा भावांनी अडतीस वर्षं एका वाड्यात काढली, रोज एका पंगतीत जेवले, आणि त्या रात्रीबद्दल एकमेकांशी बोलले नाहीत. काकांना नक्कीच वाटत असणार की आपण पोराला नको त्या कामाला लावलं. बाबांना वाटत होतं की आपला हात चुकला. दोघांनीही एकमेकांना जपलं, आणि फटाक्याची गोष्ट आमच्यासाठी तयार केली. कुणीतरी एकदा विषय काढला असता, एखाद्या जाणकाराला विचारलं असतं, तर त्यानं दहा मिनिटांत सांगितलं असतं की माप बरोबर होतं.

तो काटा अजून माझ्याकडे आहे. पारड्यांचं पितळ काळं पडलंय, पण दांडी सरळ आहे. गेल्या दसऱ्याला शस्त्रपूजेत नातवानं विचारलं, ‘‘आजोबा, हा काटा शस्त्र कसा?’’ मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, फटाक्याची नाही, खरी. त्यानं काटा हातात घेतला, दोन्ही पारड्यांत एकेक गुंज टाकली. बरोबर सारखा उभा राहिला.

तुमच्याही घरात अशी एखादी ‘फटाक्याची’ गोष्ट असेल. विचारायला कुणी हयात असेल तर विचारून घ्या.